पुढच्या ‘मौजे’पर्यंत

माझ्या एका प्रोग्रामनं अकरा दिवस काही वस्त्यांचं पाणी तोडलं आणि त्याचा ठपका दुसऱ्याच माणसावर बसला. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. बोलले ते एकदाच, वडिलांपाशी, तेही अर्धवट. आमच्या धंद्यातली माणसं जमली की आपापल्या जुन्या चुकांचे किस्से सांगतात. कुणी अख्ख्या कॉलेजाची जन्मतारीख एकच करून टाकलेली असते, कुणी जिवंत प्राचार्यांना मयत दाखवलेलं असतं. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, आणि माझी पाळी येते आहे असं दिसलं की चहा सांगायला उठते.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. बऱ्याच कचेऱ्या अजून भाड्याच्या इमारतींत होत्या आणि उस्मानाबादेहून आलेली दफ्तरं लाल रुमालांत बांधलेली तशीच भिंतीला टेकून पडली होती. जिल्हा नवा म्हणून साहेबलोकांना हौस दांडगी. जुन्या जिल्ह्यात जे नाही ते इथं आधी झालं पाहिजे, असं त्यांच्या बोलण्यात रोज यायचं. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. मांजरेच्या पात्रात लोक झरे खणायला लागले, गावोगाव टँकर सुरू झाले, आणि एका कचेरीनं टँकरची रोजची यादी कॉम्प्युटरवर काढायचं ठरवलं. त्या कचेरीचं नाव मी घेणार नाही, कारण दोष तिचा नव्हता.

मी नांदेडची. तिथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकले आणि लातुरात मामाकडं राहून एका खाजगी क्लासात शिकवायला लागले. क्लासाच्या मालकानं टँकरच्या यादीचं काम घेतलं आणि मला मशीनसकट त्या कचेरीत नेऊन बसवलं. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, समोर हिरवी अक्षरं लुकलुकणारा पडदा, आणि दारात चपला काढून आत वाकून बघणारे लोक. एवढं डोक्यात जायला पुरेसं होतं. मामी गल्लीत सांगायची, “आमची भाची टँकर सोडती.” मी कधी तिला दुरुस्त केलं नाही.

मशीनच्या खोलीत एक कूलर होता. दिवसाला चार घागरी पाणी प्यायचा. शिपाई कचेरीच्या टाकीतून भरून आणायचा, आणि मामीच्या घरी नळ आठव्या दिवशी येत होता. मशीन तापलं तर यादी बंद पडेल, हे मी सगळ्यांना इतक्या ठणकावून सांगितलं होतं की कूलर रिकामा दिसला तर शिपायाला बोलणी बसायची, आणि ती माझीच. आता आठवलं की कानशिलं गरम होतात. तेव्हा काहीच वाटलं नाही.

काम असं होतं. गावचा ग्रामसेवक दर आठवड्याला एका कागदावर पाण्याची मागणी लिहायचा. गावाचं नाव, माणसं किती, जवळचं पाणी किती लांब, टँकरच्या खेपा किती. ते कागद तालुक्याला गोळा होऊन एसटीनं लातूरला यायचे. आमची टायपिस्ट ते इंग्रजी अक्षरांत जसेच्या तसे टाइप करायची, कारण त्या मशीनला मराठी येत नव्हतं. मग माझा प्रोग्राम ते वाचून कुठं किती खेपा पाठवायच्या याची यादी छापायचा.

वाचायचं काम करणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. तो शब्दामागून शब्द घेतो आणि पुढं काय यायला हवं याचा अंदाज धरून बसतो. गावाचं नाव आलं की पुढं माणसांचा आकडा यावा, आकडा आला की अंतर यावं. अपेक्षेप्रमाणे आलं तर ठीक. नाही आलं तर ती चूक, आणि खरी कसोटी तिथं लागते. चूक सापडल्यावर करायचं काय? तिथंच थांबायचं, की सावरून पुढं जायचं?

मला या प्रश्नाचा फार गर्व होता. नांदेडला शेवटच्या वर्षी मी याच विषयावर भाषण दिलं होतं. कॉलेजातलं मशीन विचित्र होतं. कुणी एक स्वल्पविराम विसरला की ते पन्नास-पन्नास चुका छापायचं, कारण पहिल्या चुकीनंतर त्याचा पाय घसरलेलाच राहायचा आणि पुढचं चांगलंसुद्धा त्याला वाईट दिसायचं. मी फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं होतं की शहाणा पार्सर चूक झाल्यावर घाबरत नाही. तो एखादी भरवशाची खूण ठरवून ठेवतो, तिथपर्यंतचं सगळं सोडून देतो आणि तिथून ताज्या दमानं वाचायला लागतो. सरांनी वर्गासमोर पाठ थोपटली होती. त्यांनी शेवटी विचारलेला एक प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेला होता. त्यांनी विचारलं होतं, “जे सोडून दिलं त्याचं काय होतं?”

कचेरीतला माझा पहिला प्रोग्राम थांबणारा होता. पहिली चूक दिसली की ओळीचा नंबर दाखवून गप्प बसायचा. मग अव्वल कारकून कागद काढायचे, काय लिहिलंय ते सांगायचे, टायपिस्ट दुरुस्त करायची, मी परत चालवायचे, तो पुढच्या कागदावर परत थांबायचा. यादी निघायला दुपार व्हायची आणि तोवर टँकरचे ड्रायव्हर लिंबाखाली पत्ते खेळत बसायचे. कचेरीचे साहेब दोनदा खोलीत येऊन घड्याळाकडं बघून गेले. मला ते झोंबलं.

म्हणून मी सावरणारा पार्सर लिहिला. खूण कोणती धरायची यावर मी दोन दिवस विचार केला. पूर्णविराम धरता येत नव्हता, कारण ग्रामसेवक मंडळी पूर्णविराम शेंगदाण्यासारखे पेरत होती. ‘ता.’, ‘ग्रा. पं.’, ‘कि. मी.’, जिकडंतिकडं टिंबं. ओळ धरता येत नव्हती, कारण कुणी एका ओळीत दोन गावं बसवायचा. मग माझ्या लक्षात आलं की एक शब्द सगळे न चुकता लिहितात. ‘मौजे’. निजामाच्या काळापासून दफ्तरात गावाच्या नावाआधी मौजे लिहायची रीत, आणि ती कुणाच्या हातून सुटत नव्हती. अक्षर कसंही असो, कागद कितीही चुरगळलेला असो, नवं गाव आलं की आधी मौजे. मी ठरवलं, चूक झाली की पुढच्या ‘मौजे’पर्यंत सगळं सोडायचं आणि तिथून परत सुरुवात करायची. मला वाटलं, काय डोकं चाललंय आपलं!

त्या दोन दिवसांत माझ्या मनात एक गोष्ट आली नाही. वाडीच्या आधी कुणी मौजे लिहीत नाही. तांड्याच्या आधी तर नाहीच. मौजे हा मान दफ्तरातल्या गावाचा. गावाच्या पोटात ज्या वाड्या, तांडे, वस्त्या असतात त्या गावाच्याच खाली, नुसत्या नावानं लिहायच्या. मी शहरात वाढलेली. माझ्या डोक्यात गाव म्हणजे जे मौजेनं सुरू होतं आणि पुढच्या मौजेला संपतं ते.

सावरणारा प्रोग्राम सुरू झाला आणि यादी सकाळी दहाला हातात पडायला लागली. सोबत एक दुसरी यादीही छापून यायची, चुकांची. अमुक कागद, तमुक ओळ. ती अव्वल कारकुनांकडं जायची. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, टोपी, आणि कानाला पेन्सिल. तीस वर्षं त्यांनी असलेच कागद वाचले होते. ते चुकांची यादी घेऊन बसायचे, एकेक मूळ कागद काढायचे आणि जे माझ्या मशीनला वाचता आलं नाही ते डोळ्यांनी वाचून यादीच्या खाली हातानं लिहायचे. त्या पेन्सिलीच्या ओळी मला खुपायच्या. एवढ्या सुबक छापील यादीखाली ते खरडलेलं बघून मला वाटायचं, माझी लाज काढतायत.

खरं तर कित्येक वस्त्या त्या पेन्सिलीवर तगून होत्या. कारण आपल्याकडच्या लिहिण्याची आणखी एक रीत होती. गावाची सगळी माहिती एकदा नीट लिहिली की खालच्या वाडीपुढं, तांड्यापुढं पुन्हा आकडे कोण लिहीत बसतो? ‘वरीलप्रमाणे’ एवढंच लिहायचं. वाचणारा माणूस असला की त्याला कळतं. माझ्या पार्सरला तिथं आकडा हवा असायचा. ‘वरीलप्रमाणे’ आलं की चूक, आणि चूक झाली की पुढच्या ‘मौजे’पर्यंत उडी. तो तांडा गेला, आणि त्याच्या खाली लिहिलेल्या वस्त्या नीट आकड्यांनिशी लिहिल्या असल्या तरी त्याही गेल्या. एसटी जशी हात करणाऱ्यांना तसंच सोडून पुढच्या फाट्यावर थांबते, तसं.

मग एके दिवशी कळलं की मुंबईहून मोठे साहेब यायचेत, दुष्काळाची पाहणी करायला, आणि नव्या जिल्ह्याचा कॉम्प्युटर त्यांना दाखवायचाय. आमच्या साहेबांनी रंगीत तालीम घेतली. यादी छापून निघाली, मागोमाग चुकांची दोन पानं निघाली. साहेबांनी ती दोन बोटांत धरली.

“मॅडम, हे त्यांच्यासमोर निघायला पाहिजे का?”

एवढंच विचारलं त्यांनी. बंद करा म्हणाले नाहीत. मी म्हणाले, “सर, ते बंद करता येतं.” आणि बंद केलं. एका ओळीचं काम. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. यादीच्या शेवटी एक ओळ छापायला लावली, ‘चुका: शून्य’. कुणी सांगितलं नव्हतं. मला ती शोभून दिसेल असं वाटलं. चुका मोजणंच बंद केल्यावर त्या शून्यच निघणार, यात खोटं काय, असं मी स्वतःला समजावलंसुद्धा.

मोठे साहेब आले, कूलरसमोर उभे राहिले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “वा!” आमच्या साहेबांचा चेहरा उजळला. पाहुणे गेल्यावर मी चुकांची यादी परत चालू करायला हवी होती. केली नाही. उद्या करू म्हणाले असेन मनाशी, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ यादी निघाली, तिच्याखाली पेन्सिलीची एकही ओळ नव्हती, आणि मला बरं वाटलं.

अप्पा रिकाम्या हातानं माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते.

“ताई, आज चुका न्हाईत?”

“नाहीत अप्पा. आता ते स्वतःच सावरतं.”

“खालच्या वाड्या घेतंय का वो ते?”

“सगळं घेतं,” मी म्हणाले. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. साहेब आतून म्हणाले, “अप्पा, आता आराम करा तुम्ही,” आणि सगळे हसले. अप्पांनी कानावरची पेन्सिल चाचपली आणि जागेवर जाऊन बसले.

त्यानंतर अकरा दिवस गेले. सीमेकडच्या एका गावचा ग्रामसेवक सकाळच्या पहिल्या एसटीनं आला आणि थेट साहेबांच्या खोलीत गेला. पंचेचाळिशीचा माणूस, पायजमा, मळखाऊ शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद. साहेबांनी मला आणि अप्पांना बोलावून घेतलं. आम्ही गेलो तेव्हा तो उभ्यानंच सांगत होता.

“साहेब, गावात टँकर यायलाय, त्याच्याबद्दल तक्रार न्हाई. तांड्यावर अन् खालच्या तीन वस्त्यांवर येणं बंद झालंय. आधी येत होता. तालुक्याला चार येळा गेलो. ते म्हणतेत यादीत नाव न्हाई, कॉम्प्युटरची यादी हाय, आम्ही काय करावं. लोकं माझ्या दारात येऊन बसायलेत. परवा तांड्यावरली एक बाई जुन्या बारवंत उतरली पाण्याला. पायरी निसटली. मांडीचं हाड मोडलं तिचं. लेकुरवाळी हाय साहेब.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “मॅडम, यादीत का नाही?”

मी कागद मागितला. वाचायला क्षणभरच लागला. मौजे अमुक, सगळे आकडे चोख. खाली तांडा, पुढं ‘वरीलप्रमाणे’. त्याखाली तीन वस्त्या. मला सगळं एकदम कळलं, तांडा कुठं पडला, वस्त्या का पडल्या, अप्पांनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. फक्त ‘माझी चूक आहे’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. तोंडातून निघालं ते हे:

“सर, फॉर्म नीट भरलेला नाही. आकड्यांच्या जागी आकडे नाहीत.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतक्या सहज बोलता आला.

अप्पा म्हणाले, “तीस वर्षं असंच लिहितेत साहेब. आपण वाचून घेतो.”

“आता आपण वाचत नाही अप्पा, मशीन वाचतं,” साहेब म्हणाले. मग ग्रामसेवकाकडं वळून, “तुमच्या निष्काळजीपणामुळं माणसं पाण्यावाचून राहिली. लेखी खुलासा द्या.” टँकर त्याच दुपारी पाठवायचा हुकूम झाला. ग्रामसेवक ‘हाव साहेब’ म्हणाला. अप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाली बघितलं. चुकांची यादी निघत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कॉम्प्युटरपुढं आपलं कोण ऐकणार, असं त्यांनी धरलं असावं. तसं त्यांना वाटायला लावणारी मीच होते.

दुरुस्ती करायला पाऊण तास लागला. ‘मौजे’सोबत ‘वाडी’, ‘तांडा’, ‘वस्ती’ या शब्दांवरही थांबायचं. ‘वरीलप्रमाणे’ आलं तर वरचे आकडे घ्यायचे. चुकांची यादी परत चालू. ‘चुका: शून्य’ ही ओळ खोडली. पाऊण तास! अकरा दिवसांत तेवढा वेळ कधीही मिळाला असता.

मग एक शंका आली म्हणून मी गेल्या दोन आठवड्यांचे सगळे कागद नव्या प्रोग्राममधून परत काढले. सुटलेल्या वस्त्या चार नव्हत्या. एकोणीस होत्या. एकोणीस ठिकाणी टँकर गेला नव्हता आणि त्यांतल्या पंधरांसाठी कुणी पहिली एसटी धरून आलं नव्हतं. मी तो कागद प्रिंटरमधून फाडून घेतला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरी जाऊन मामीच्या चुलीत घातला. ती एकोणीस नावं मी गुपचूप दुसऱ्या दिवशीच्या यादीत आणली. साहेब यादी बघून म्हणाले, “मागणी वाढली वाटतं.” मी म्हणाले, “हो सर, ऊन वाढलंय.”

रविवारी नांदेडला गेले. माझे वडील एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढलेला माणूस, पण बोलायला मऊ. जेवताना मी त्यांना सांगितलं. म्हणजे तांड्याचं सांगितलं, बाईच्या पायाचं सांगितलं, प्रोग्राममध्ये एक उणीव राहिली होती असं सांगितलं. शून्याचं सांगितलं नाही. चुलीत घातलेल्या कागदाचं सांगितलं नाही. त्यांनी घास तसाच हातात धरून विचारलं, “मग त्या ग्रामसेवकाला सांगितलंस का, की चूक त्यांची नव्हती म्हणून?”

“सांगणार आहे,” मी म्हणाले.

“आणि साहेबांना?”

“त्यांनाही.”

“बरं,” म्हणाले आणि जेवायला लागले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एसटीत परतताना मी खरोखरच वाक्यं जुळवत होते. साहेबांना कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, क्लासाच्या मालकाला काय वाटेल. अहमदपूरपर्यंत वाक्यं तयार होती. लातूर यायच्या आत मी ठरवलं होतं की आधी ग्रामसेवकाला सांगू, ते सोपं आहे, तो काही बोलणार नाही.

तो त्याच आठवड्यात आला. यावेळी साहेबांकडं गेला नाही, माझ्या खोलीच्या दारात चपला काढून उभा राहिला. मी म्हणाले, “या भाऊसाहेब, बसा.” तो स्टुलाच्या टोकावर बसला. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला. गावाचा, तांड्याचा, तिन्ही वस्त्यांचा वेगवेगळा कागद. प्रत्येकावर पट्टीनं रेघा मारलेल्या, चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकटीत आकडा, मोत्यासारखं अक्षर. कुठंही ‘वरीलप्रमाणे’ नव्हतं.

“आता बघा बरं मॅडम, मशीनला कळतंय का. शेजारच्या दोन गावच्या ग्रामसेवकांलाबी असंच लिहायला सांगितलंय. माझ्यासारखी गत नको त्यांची.”

हीच वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. टायपिस्ट जेवायला गेली होती. मी कागद ओढून घेतले आणि तपासायला लागले. खरंच तपासले, एकेक चौकट. एका वस्तीच्या कागदावर अंतराचा आकडा राहिला होता. मी लाल पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल केला आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

“हे राहिलं.”

“चुकलं मॅडम,” तो म्हणाला आणि घाईघाईनं खिशातलं पेन काढून तिथं दीड लिहिलं. मग पेनाला टोपण लावता लावता, माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

“सवयच लागली होती हाताला. आमच्या आधीचे लिहायचे तसंच मी लिहायलो. त्याच्यानं मशीन अडतं हे ध्यानातच आलं न्हाई. खुलासा दिला मी. चूक माझीच हाय म्हणून लिहून दिलं, उगं वाकडंतिकडं काय लिहायचं. साहेबांनी ताकीद दिली, सोडून दिलं.” त्यानं पेन खिशाला लावलं. “पण मनाला लागलं ते लागलं. त्या बाईच्या घरी गेलो होतो तांड्यावर. तिची सासू होती बाहेर. तिला सांगितलं, माझ्या लिहिण्यात चूक झाली, म्हणून टँकर आला न्हाई, म्हणून तुमची सून बारवंत उतरली. हात जोडले. म्हातारी आत गेली अन् मला प्यायला पाणी आणून दिलं.”

मी कागदांचे कोपरे जुळवत होते.

“मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं, म्हणून विचारायलो. घरी मंडळी म्हणती, काहून गेलता, सरकारी चूक अंगावर घेऊ नये. मी बरोबर केलं का?”

“बरोबर केलंत भाऊसाहेब,” मी म्हणाले.